फ्लेक्सवरचं 'ए प्लस' आणि मुलीची शाखा

पत्र :
मॅडम, मी तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतो. थोरली मुलगी बारावी झाली, सीईटीला बरे पर्सेंटाइल पडले. तिला कॉम्प्युटर करायचंय. घरापासून एसटीने तासाभरावर एक कॉलेज आहे, त्याच्या गेटवर 'नॅक ए प्लस' असा मोठा फ्लेक्स आहे. तिथे कॉम्प्युटर लागणार नाही, पण एआय-डेटा सायन्स लागेल. ती शाखा तीन वर्षांपूर्वी सुरू झाली. दुसरं कॉलेज कोल्हापूरकडचं. त्याला नॅकचं 'बी प्लस प्लस' आहे, पण कॉम्प्युटरला एनबीए आहे म्हणतात. शिवाय पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठातून रोज फोन येतो, 'आमचं ए प्लस प्लस आहे, २५ हजार भरून सीट पक्की करा.' कॅनडातला पुतण्या म्हणतो, 'काका, वॉशिंग्टन अकॉर्ड बघा.' आमच्या गावातले एक गुरुजी म्हणतात, 'नॅकबिक सगळं मॅनेज असतं.' यातलं खरं काय धरायचं? उद्या पोरीची डिग्री चालणार नाही असं तर व्हायचं नाही ना?
– एक पालक, तासगाव

दादा,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप त्यानेच उडवलेली दिसते. नॅक नाही म्हणून डिग्री चालत नाही, असं होत नाही. पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. आणि पदवी कोण देऊ शकतं हे १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, कायद्यात लिहिलेलं आहे: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने तसा अधिकार दिलेली संस्था. याबाहेर कुणी पदवी वाटत असेल तर तो नुसता कागद. अशा बनावट विद्यापीठांची यादी यूजीसी वेळोवेळी जाहीर करते.

म्हणजे पदवीच्या काळजीपुरते दोन कागद बघायचे. कॉलेज कुठल्या विद्यापीठाला संलग्न आहे हा पहिला, आणि त्या शाखेला एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता आहे का हा दुसरा. ही मान्यता पत्राने कळवली जाते. कॉलेजात त्या पत्राला 'ईओए' म्हणतात, आणि त्यात प्रत्येक शाखेचं नाव आणि तिच्या मंजूर जागा छापलेल्या असतात. कॉलेजच्या वेबसाइटवर ते लावलेलं असतं. तिथे मुलीच्या शाखेचं नाव दिसलं की निम्मी काळजी मिटली. कॉलेज सांगलीत आणि विद्यापीठ रायगडातल्या लोणेऱ्याचं असं दिसलं तरी दचकू नका. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला राज्यभरातली कॉलेजं संलग्न होऊ शकतात. दोन्ही कॉलेजं शासनाच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, आहेत असं तुमच्या पत्रावरून दिसतं, त्यामुळे या बाबतीत मला धोका वाटत नाही. तरी डोळ्यांनी बघून घ्या.

आता नॅक. मी ३२ वर्षं शिकवलं आणि त्यातली शेवटची ९ वर्षं आमच्या कॉलेजच्या आयक्यूएसीची, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाची, समन्वयक होते. नॅकच्या फायली मी रात्ररात्र बसून लावल्या आहेत. म्हणून हे जरा सविस्तर सांगते, कारण गेटवरच्या फ्लेक्सवर यातलं काहीच मावत नाही.

मान्यता म्हणजे सुरू करायची परवानगी. एवढी जागा, इतक्या खोल्या, इतके शिक्षक, तर चालवा कॉलेज. ते चालवताना काय होतं हे तपासणं वेगळं, आणि त्यासाठी १९९४ साली बेंगळुरूत राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, म्हणजे नॅक, स्थापन झाली. नॅक तपासते ती संपूर्ण संस्था: वाचनालयापासून तक्रार निवारणापर्यंत. कॉलेज आधी स्वतःच स्वतःबद्दल एक जाडजूड अहवाल लिहितं, त्याला एसएसआर म्हणतात. त्यातली आकडेवारी तिऱ्हाइताकडून पडताळली जाते. विद्यार्थ्यांच्या ई-मेलवर नॅककडून थेट एक प्रश्नावली जाते. मग बाहेरच्या प्राध्यापकांची समिती, पीअर टीम, पाहणी करते. २०१७पासूनच्या पद्धतीत सुमारे ७० टक्के भार आकडेवारीवर असतो आणि उरलेला समितीच्या मतावर. सगळं मिळून ४ पैकी गुण ठरतात. ३.५१ आणि त्यावर ए प्लस प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ ते ३.२५ ए, २.७६ ते ३.०० बी प्लस प्लस, असं खाली खाली येत १.५० आणि त्याखाली अधिस्वीकृतीच, म्हणजे गुणवत्तेचा शिक्काच, नाही.

आकडे एवढ्यासाठी दिले की ३.२५ आणि ३.२६ यांच्यात शतांश गुणाचा फरक आहे आणि फ्लेक्सवर तो एका अख्ख्या 'प्लस'चा दिसतो. तुमच्या जवळच्या कॉलेजचं 'ए प्लस' ३.२७वर असेल किंवा ३.४९वर, अक्षर तेच. शिवाय हे गुण सात निकषांत विभागलेले असतात. संलग्न कॉलेजांसाठी १००० पैकी ३५० गुण शिकवणं, शिकणं आणि मूल्यमापन या एकाच निकषाला आहेत. बाकी अभ्यासक्रम, संशोधन, इमारती आणि सोयी, विद्यार्थ्यांना आधार, कारभार, संस्थेची मूल्यं असे सहा. एखादं कॉलेज इमारतीत आणि कारभारात वरचढ असतं, संशोधनात पार कोरडं. दुसऱ्याचं उलट. मुलीला चार वर्षं रोज ज्याच्याशी गाठ पडायची ते शिकवण्याच्या निकषात आणि विद्यार्थ्यांच्या निकषात असतं. प्रत्येक निकषाला किती गुण पडले याचा तक्ता नॅक ग्रेडबरोबरच देते.

आणि खरी चीज म्हणजे पीअर टीमचा अहवाल, पीटीआर. दादा, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय. पालक ग्रेड विचारतात. ज्या कागदातून ती ग्रेड आली तो फुकट वाचायला मिळतो हे माझ्या सगळ्या नोकरीत एकाही पालकाने मला विचारलं नाही. कॉलेजच्या वेबसाइटवर 'नॅक' किंवा 'आयक्यूएसी' या टॅबखाली एसएसआर आणि पीटीआर असतात, नॅकच्या साइटवरही मिळतात. पीटीआरच्या शेवटाकडे समितीने कॉलेजच्या जमेच्या बाजू, उणिवा, संधी आणि आव्हानं लिहिलेली असतात, आणि त्यानंतर सुधारणेसाठी शिफारशी. इंग्रजी आहे, पण अवघड नाही. मुलगी वाचून दाखवेल. समितीची भाषा फार सभ्य असते, त्यामुळे जरा उलगडून वाचावं लागतं. 'पूर्णवेळ शिक्षकांच्या जागा भराव्यात' असं लिहिलंय म्हणजे जागा रिकाम्या आहेत. 'उद्योगांशी संबंध अधिक दृढ करावेत' म्हणजे प्लेसमेंटचं फलकावर लिहिलंय तेवढं काही नाही. 'वसतिगृहाची क्षमता वाढवावी' हे वाक्य तर मुलीच्या बापाने दोनदा वाचावं.

एक तारीखही बघायची. नॅकची ग्रेड साधारणपणे ५ वर्षं टिकते. दाखल्यावर 'व्हॅलिड अपटू' लिहिलेलं असतं. फ्लेक्स मात्र उतरवला जात नाही, पावसाने रंग उडाला तरी.

आणि विद्यापीठाची ग्रेड कॉलेजला लागत नाही. शिवाजी विद्यापीठाला २०२१ साली ए प्लस प्लस मिळालं, ३.५२ गुणांनी. ते विद्यापीठाच्या आवाराचं, तिथल्या विभागांचं. त्याला संलग्न कॉलेजांना स्वतःचं मूल्यांकन वेगळं करून घ्यावं लागतं. माहितीपत्रकात 'ए प्लस प्लस मानांकित विद्यापीठाशी संलग्न' असं लिहिलेलं असतं, ते खोटं नसतं, पण त्यातून कॉलेजविषयी काहीच कळत नाही.

तुमच्या गावातले गुरुजी म्हणतात, सगळं मॅनेज असतं. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मार्च २०२३मध्ये नॅकच्याच कार्यकारी समितीचे अध्यक्ष, पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन, यांनी गैरप्रकारांचा मुद्दा मांडत राजीनामा दिला होता. फेब्रुवारी २०२५मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाला ए प्लस प्लस मिळावं म्हणून लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने १० जणांना अटक केली, त्यात तपासणी समितीचे अध्यक्ष आणि सदस्यही होते. हे वाचून माझ्यासारख्या माणसाला काय वाटलं असेल ते सांगता येत नाही.

माझ्या स्वतःच्या डोळ्यांदेखतचंही सांगते. भेटीच्या आदल्या आठवड्यात संस्थेच्या दुसऱ्या एका कॉलेजातून टेम्पो भरून संगणक आले आणि आमच्या लॅबमध्ये लागले. मी प्राचार्यांना जाऊन सांगितलं, हे करू नका. ऐकलं नाही. समिती आली, लॅब बघून गेली, मी गप्प उभी होते. ते संगणक पुढच्या सोमवारी परत गेले आणि आमची मुलं पुन्हा एका संगणकावर तिघं बसायला लागली. आजही ते मला सलतं.

पण त्याच वर्षी त्याच फायलींसाठी मी आणखी एक गोष्ट केली, ती गुरुजींना सांगा. पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी किती जण शेवटपर्यंत टिकले, हे आकडे काढावे लागले. तोवर आमच्या कॉलेजात ते कुणी काढलेच नव्हते. काढले तेव्हा दिसलं की एका बाजूच्या चार गावांतल्या मुली दुसऱ्या वर्षाला फारशा येतच नाहीत. चौकशी केली. प्रॅक्टिकल साडेपाचला संपायचं आणि त्या रस्त्याची शेवटची एसटी पाचला सुटायची. घरचे म्हणायचे, अंधारात कशी येणार, बस झालं शिक्षण. आम्ही प्रॅक्टिकलच्या बॅचेस बदलल्या, आगारप्रमुखांना अर्ज दिला, मग दुसरा दिला. गाडी पाऊण तासाने पुढे गेली. त्या मुली टिकल्या. नॅकने विचारलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं. म्हणून मी या प्रक्रियेला खोटी म्हणत नाही. फायलीसाठी खोटं उभं करणारी कॉलेजं आहेत आणि फायलीच्या निमित्ताने आरशात बघणारीही आहेत. ग्रेडच्या अक्षरावरून ही दोन वेगळी ओळखू येत नाहीत. अहवाल आणि प्रत्यक्ष भेट यांवरून बरीचशी येतात.

हो, आणखी एक. जानेवारी २०२४मध्ये इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींवरून ही अक्षरांची पद्धतच बदलायचं जाहीर झालं. आधी फक्त 'अधिस्वीकृत' किंवा 'नाही' एवढंच, आणि पुढे इच्छुक संस्थांना एक ते पाच अशा पातळ्या. त्यामुळे धाकट्या मुलाच्या वेळी तुम्हाला वेगळीच भाषा दिसेल, गोंधळू नका.

एनबीएकडे, म्हणजे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाकडे, वळते, कारण तुमच्या निर्णयाची किल्ली माझ्या मते इथे आहे. नॅक अख्खं कॉलेज तपासते, एनबीए एकेक शाखा. एकाच कॉलेजात मेकॅनिकलला एनबीए असते आणि कॉम्प्युटरला नसते, असं सर्रास असतं. एनबीएसुद्धा १९९४चीच, एआयसीटीईने सुरू केलेली. २०१०पासून ती स्वतंत्र झाली. ती विचारते ते प्रश्न बापाच्या मनातले असतात. या शाखेत आलेल्यांपैकी किती जण एकही विषय न राहता चार वर्षांत पास होतात? किती नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले? किती शिक्षक आहेत, त्यांचं शिक्षण काय, ते टिकतात का? प्रयोगशाळेत यंत्रं आहेत का आणि ती चालवायला माणूस आहे का? प्रत्येक विषय शिकून मुलाला नेमकं काय यायला हवं हे आधी लिहायचं आणि मग ते आलं का हे मोजायचं, यावर तिचा भर असतो. हे मोजमाप पुष्कळ ठिकाणी एक्सेलच्या तक्त्यांतच राहतं, हेही खरं. पण शाखेकडे शाखा म्हणून बघणारी ही एकच तपासणी आहे.

एनबीए मिळते ती मुदतीसाठी, ३ वर्षं किंवा ६ वर्षं. पत्रावर शाखेचं नाव आणि शैक्षणिक वर्षं स्पष्ट लिहिलेली असतात. तुम्ही लिहिलंय, 'एनबीए आहे म्हणतात.' म्हणतात यावर थांबू नका. कोल्हापूरकडच्या त्या कॉलेजच्या साइटवरचं पत्र उघडा आणि त्यात 'कॉम्प्युटर' हे नाव आहे का आणि मुदत कधीपर्यंत आहे ते बघा. एनबीएच्या साइटवर राज्यवार यादी आहे, तिथे पडताळा. 'एनबीएसाठी अर्ज केलेला आहे' या वाक्याला काही अर्थ नाही. 'आमच्या चार शाखा एनबीए' असं असेल तर त्या चार कोणत्या हे विचारायचं.

आणि आता तुमच्या जवळच्या कॉलेजातली ती नवी शाखा. एनबीएकडे जायला शाखेच्या किमान दोन बॅचेस पास होऊन बाहेर पडलेल्या असाव्या लागतात. अभ्यासक्रम चार वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या शाखेची पहिली बॅचसुद्धा अजून बाहेर पडलेली नाही. म्हणजे तिला एनबीए नाही हा कॉलेजचा दोष नव्हे, ती मिळूच शकत नाही. पण त्याचा अर्थ असा की या शाखेबद्दल कुणाकडेच काही पुरावा नाही. गेटवरचं ए प्लससुद्धा या शाखेबद्दल फारसं बोलत नाही. नॅक झालं तेव्हा ही शाखा होती का, तेही तारखा जुळवून बघा. आणि प्लेसमेंटचे फोटो दाखवतील ते जुन्या शाखांचे असणार.

नवी शाखा म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. तिथे चांगले शिक्षक असतील तर मुलगी उत्तम शिकेल. म्हणून शिक्षक बघा. इंजिनीअरिंगला दर २० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक हा एआयसीटीईचा निकष आहे. साइटवर 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाचा भाग लावणं कॉलेजवर बंधनकारक असतं. त्यात शिक्षकांची माहिती असते. शाखेच्या पानावर जा, नावं मोजा, कोण कधी रुजू झालं ते बघा. सगळेच गेल्या जूनपासूनचे असतील तर समजून घ्या. एकच प्राध्यापक कॉम्प्युटरच्याही यादीत आणि एआयच्याही यादीत दिसला तर मुलीला ते सरळ विचारायला सांगा.

पुतण्याचं वॉशिंग्टन अकॉर्ड खरं आहे, पण अर्धं. एका देशाने अधिस्वीकृत केलेली इंजिनीअरिंगची पदवी दुसऱ्या देशाने तोलामोलाची मानावी, असा हा करार. १९८९ साली सहा देशांनी तो केला, कॅनडा त्यात होता. भारत, म्हणजे एनबीए, त्यात पूर्ण सदस्य झाला जून २०१४मध्ये. पुतण्याला बहुधा माहीत नसलेली गोष्ट अशी की एनबीए असलेली प्रत्येक शाखा या करारात बसत नाही. एनबीएचे दोन स्तर आहेत. टिअर-वन हा स्वायत्त कॉलेजांसाठी आणि विद्यापीठांच्या विभागांसाठी, टिअर-टू हा विद्यापीठाचाच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या साध्या संलग्न कॉलेजांसाठी. करार लागू होतो तो फक्त टिअर-वनला. कोल्हापूरकडचं कॉलेज ऑटोनॉमस, म्हणजे स्वायत्त, नसेल तर त्याची एनबीए टिअर-टूची असणार. तिचा उपयोग आहे, पण वॉशिंग्टनचं नाव तिथे घ्यायचं कारण नाही. आणि हा करार लागतो तो परदेशात परवानाधारक इंजिनीअर म्हणून काम करायचं असेल तेव्हा. एमएसला प्रवेश देताना तिकडची विद्यापीठं गुण, परीक्षा, प्रोजेक्ट हे सगळं स्वतः बघतात. मुलगी आत्ताच बारावी झालीय. या एका मुद्द्यावर कॉलेज निवडू नका.

ऑटोनॉमस म्हणजे काय तेही यातच आलं. कॉलेज अभ्यासक्रम स्वतः ठरवतं, परीक्षा स्वतः घेतं, पदवी मात्र विद्यापीठाची. चांगल्या कॉलेजात यामुळे अभ्यासक्रम ताजा राहतो. आयएसओ बाजूला ठेवा, तो कारभाराच्या पद्धतीचा दाखला आहे, शिक्षणाची अधिस्वीकृती नाही. एनआयआरएफ ही केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी आहे, २०१६पासून लागते, तीही अधिस्वीकृती नाही.

पुण्याकडच्या फोनबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचंय. ते २५ हजार भरू नका. त्यांचं ए प्लस प्लस खरं असेलही. पण बहुतेक खासगी विद्यापीठं आपले प्रवेश स्वतःच करतात, ते कॅपमधून होत नाहीत. जुलै २०२४च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच आहे. मॅनेजमेंट कोटा, संस्थास्तरावरचे प्रवेश, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. तुमचा प्रवर्ग पत्रात नाही. पण तुम्ही यात बसत असाल तर त्या एका 'सीट पक्की'ने चार वर्षांची फीमाफी हातची जाईल. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठीच्या योजना वेगळ्या आहेत, त्या महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर बघा. यात नॅकच्या ग्रेडचा काही संबंध नाही. फोनवरचा माणूस हे सांगणार नाही, त्याचं ते कामच नाही. आणि मूळ दाखले कुणी 'फक्त ठेवून घ्या' म्हटलं तरी देऊ नका. प्रवेशासाठी ते दाखवायचे, सोडायचे नाहीत. संस्थांनी मूळ कागदपत्रं अडकवून ठेवू नयेत असं यूजीसीने २०१८मध्येच बजावलंय.

माझं मत विचारलंत तर सांगते. कोल्हापूरकडच्या कॉलेजच्या एनबीए पत्रावर कॉम्प्युटरचं नाव असेल, मुदत चालू असेल आणि मुलींचं वसतिगृह नीट असेल, तर मी ते वर ठेवीन, नॅक बी प्लस प्लस असूनही. कारणं दोन. मुलीला जे शिकायचंय तेच तिथे आहे, आणि ती शाखा कुणीतरी बाहेरून येऊन तपासलेली आहे. पत्र जुनं निघालं, किंवा वसतिगृह बघून मुलीच्या आईचा जीव घाबरा झाला, तर जवळचं कॉलेज घ्या आणि एआय-डेटा सायन्सच्या शिक्षकांची यादी बघून मन पक्कं करा. घरी राहून शिकण्याला किंमत आहे. कॅपच्या ऑप्शन फॉर्मवर, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या फॉर्मवर, पहिला पर्याय लागला की तो घ्यावाच लागतो, मग 'पुढच्या राउंडला बघू' असं चालत नाही. म्हणून पहिल्या ओळीत लिहायच्या आधीच हे सगळं व्हायला हवं.

बघायला जाल तेव्हा ओपन हाउसच्या दिवशी जाऊ नका. साधा मंगळवार-बुधवार धरा, दुपारी दोननंतर, प्रॅक्टिकलच्या वेळी. मुलीला पुढे होऊ द्या, तुम्ही मागे रहा. लॅबच्या दारात उभं राहून एका संगणकावर किती जण बसलेत ते तिने मोजावं. वाचनालयात मुलं आहेत की नुसती कपाटं, ते बघावं. कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारावं, गेल्या सेमिस्टरला कुठला विषय अर्धा राहिला, शिक्षक मध्येच सोडून गेले का, रात्री वसतिगृहात दुखलं-खुपलं तर कोण येतं. तिसऱ्या वर्षाची मुलगी खरं सांगते. तिला लपवायचं काही नसतं आणि तिने सगळं बघितलेलं असतं.

दोन्ही कॉलेजांचे पीटीआर मिळाले की त्यातलं शिफारशींचं पान आणि एनबीएच्या पत्राचा फोटो याच सदराच्या पत्त्यावर पाठवा. मी वाचून देईन. ऑप्शन फॉर्मची मुदत संपायच्या चार दिवस आधी पाठवलंत तर बरं.